चालत नाही, पण खरं आहे

बीडमध्ये दहा रुपयांच्या नाण्यानं चहाचे पैसे द्यायला धाडस लागतं. टपरीवाला नाणं बोटांत धरून उन्हाकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि दोघांतलं खोटं कोण याचा अंदाज घेतो.

"हे चालत न्हाई, साहेब."

"कामून? खोटं हाये का?"

"न्हाई, खरंच हाये. पन चालत न्हाई."

खरं असणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या जिल्ह्यात लहान पोराला पण कळतं, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. रिझर्व्ह बँकेनं मात्र घातला. जानेवारी २०१८ मध्ये तिनं पत्रक काढून सांगितलं की दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी आजवर आली आहेत आणि सगळीच्या सगळी चालतात. शंका असेल तर १४४४० नंबरला फोन करा. बीडकरानं पत्रक वाचलं, मान डोलावली आणि नोट मागितली. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, रुपयाची खूण असेल तर खरं आणि नसेल तर बनावट, असे बरेच सिद्धान्त इथे तयार झाले. प्रत्येक पेठेचा सिद्धान्त वेगळा, निष्कर्ष एकच. पुण्याहून खिशात आणलेलं नाणं मांजरसुंब्याचा घाट उतरता उतरता आपली किंमत कुठेतरी टाकून येतं.

या चौदा प्रकारांमध्ये काही थोर माणसं सापडली आहेत, हा यातला खरा घोटाळा. होमी भाभा आहेत, आणि २०१५ साली सव्वाशेव्या जयंतीनिमित्त आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. ज्या माणसानं १९२३ साली लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' नावाचा जाडजूड ग्रंथ छापला, ज्याची साक्ष चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगानं घेतली, त्याचं नाणं आमच्या बसस्टँडजवळच्या पानटपरीवर अडतं. टपरीवाला माणूस भला आहे. त्याच्या गल्ल्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो आहे, रोज उदबत्ती असते. फोटोला हार आणि नाण्याला नकार. मी एकदा ही विसंगती त्याच्या नजरेला आणली, तर तो गंभीर होऊन म्हणाला, "साहेब, बाबासाहेबांवर आपला इश्वास हाये. पुढच्यावर न्हाई." पुढचा म्हणजे ज्याला हे नाणं पुढे द्यायचं आहे तो. बाबासाहेबांच्या ग्रंथात पानोपानी रुपयाच्या स्थैर्याची चर्चा आहे. ते स्थैर्य शेवटी कशावर टेकलेलं आहे, ते या माणसानं चुना लावता लावता सांगितलं.

आमच्या आळीतल्या गुरुजींचा संग्रह या नकारावर उभा राहिला. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मुंबईचे हौशी संग्राहक प्रदर्शनांना जातात, लिलावात बोली लावतात, चिमट्यानं नाणी उचलतात. गुरुजी संध्याकाळी पायात चपला सरकवून बाजारात एक चक्कर मारतात. किराणावाले, फळवाले, काळी-पिवळीचे ड्रायव्हर त्यांची वाटच बघत असतात. कारण गुरुजी हे साऱ्या शहरातले एकमेव गृहस्थ आहेत, जे दहाचं नाणं घेऊन दहाची नोट देतात. लोकांना वाटतं की गुरुजी भोळे आहेत. गुरुजींना वाटतं की लोक भोळे आहेत. इतका सुखाचा व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचा आल्बम म्हणजे प्लॅस्टिकचे कप्पे शिवलेली जाड वही. पहिल्या कप्प्यात नेहरू. भारत सरकारनं काढलेलं पहिलं स्मारक नाणं नेहरूंचं, १९६४ सालचं, त्यांच्या निधनानंतरचं. एक रुपयाचं आणि पन्नास पैशांचं. पुढे १९६९, गांधींची जन्मशताब्दी. वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीचे दहा रुपये. ते चांदीचं नाणं पंधरा ग्रॅमचं, त्यात ऐंशी टक्के चांदी. गुरुजींकडे ते नाही. त्यांच्या आत्याकडे होतं. आत्याबाईंनी ते सोनाराकडे दिलं आणि सुनेसाठी जोडवी करून घेतली. "बापूंची जोडवी!" असं म्हणताना गुरुजींचा आवाज आजही कापतो. अंगावर दागिने घालू नका म्हणून बायकांना सांगत देशभर हिंडलेल्या माणसाचा हा शेवट आत्याबाईंना मात्र अजिबात खटकला नव्हता. वाया तर काही गेलं नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आल्बमची मांडणी सालवार असल्यामुळे त्यात राजकारण शिरत नाही, असं गुरुजी सांगतात. पण ते शिरतंच. १९८५ साली इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं नाणं आलं. मोठं, जाड, हातात घेतलं की वजन जाणवावं असं. २००२ साली जयप्रकाश नारायण आले. एक रुपयाचे, हलके, पोलादी. म्हणजे सरकारी हिशेबानं पाच जयप्रकाश दिले की एक इंदिरा मिळणार. १९७७ च्या मार्चमध्ये हा भाव नेमका उलटा लागला होता. गुरुजींनी ही दोन नाणी एकदा चुकून समोरासमोरच्या पानांवर ठेवली होती. वही मिटली की दोघं एकमेकांवर. गुरुजींच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ते पाहिलं आणि मध्ये एक जाड पुठ्ठा सरकवून दिला.

संत आणि राजे यांच्याबाबतीत तर टांकसाळीनं कमालीचा समतोल सांभाळला आहे. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराज दोन रुपयांवर आले, २००२ साली तुकोबाही दोन रुपयांवर. दोन्ही नाणी अकरा कोनांची, एकाच धातूची. महाराजांनी तुकोबांना नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या दोघांना सरकारनं समान किमतीवर आणून बसवलं, आता परत करायला काही उरलंच नाही. ज्यांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले, ते स्वतःच पैसा होऊन आमच्या सावकारांच्या गल्ल्यात जाऊन बसले. ज्ञानेश्वरांना मिळाला १९९९ साली एक रुपया, तोही पोलादाचा. यावर अंबाजोगाईच्या एका स्नेह्यानं मला फोन केला होता. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी, शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज आमचे, मग त्यांचं नाणं कुठे आहे? मी म्हटलं, बरंच झालं. नाणं निघालं असतं तर नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याच्या लोकांनी त्यावर लगेच हक्क सांगितला असता. मुकुंदराज आमचेच, असं तेही म्हणतात. त्यावर स्नेही थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अर्धा रुपया त्यांना देऊ."

गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लोहचुंबक असतो, जुन्या स्पीकरमधून काढलेला. त्यांच्या शास्त्राचा पाया तोच. निकेलची नाणी चुंबकाला चिकटतात, म्हणून १९६४ चे नेहरू झेप घेतात. तांबं-निकेल मिसळलेल्या धातूची चिकटत नाहीत, म्हणून १९९६ चे सरदार पटेल ढिम्म हलत नाहीत. नंतरची पोलादी नाणी पुन्हा चिकटतात. या परीक्षेत सगळ्यात गंमत आणतात ते लोकमान्य टिळक. त्यांचं २००७ सालचं पाच रुपयांचं नाणं दोन्ही प्रकारांत निघालं. एक टिळक चुंबक दिसताच उडी घेतात, दुसऱ्यांना कितीही खुणावलं तरी ते जागचे हलत नाहीत. गुरुजींनी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आहेत: 'जहाल' आणि 'मवाळ'. मवाळ टिळक जगात फक्त आमच्या आळीत पाहायला मिळतील.

चुंबकाचं हे शास्त्र गोदाकाठच्या पोरांना कुणी न शिकवता येतं. पुलावरून गाडी गेली की बाया-माणसं हात जोडतात आणि पाण्यात नाणं टाकतात. खाली दोरीला चुंबक बांधून पोरं उभीच असतात. त्यांच्या हाताला पोलादी माणसं तेवढी लागतात. तांबं-निकेलवाले सगळे तळाशी. त्यामुळे माझा असा अंदाज आहे की गेवराई तालुक्यातल्या नदीच्या गाळात सरदार पटेल आणि शिवाजी महाराज मोठ्या संख्येनं शांतपणे बसून असावेत. हजार वर्षांनी तिथे उत्खनन होईल आणि विद्वान लिहितील की या नदीच्या लोकांचा दोन देवांवर विशेष भाव होता.

अर्थात असला निष्कर्ष काढायला हजार वर्षं थांबायला नको. बीडला त्याची सोय आधीपासून आहे. मुहम्मद बिन तुघलक चौदाव्या शतकात वरंगळकडून परतताना आमच्या भागातून गेला. त्याचा दात दुखत होता, तो पडला, आणि सुलतानानं त्या दाताला रीतसर पुरून वर कबर बांधायला लावली, असं जुने इतिहासकार सांगतात. बीडजवळ ती जागा दाखवतात. राष्ट्रीय नेत्याच्या स्मारकाचं आमच्या जिल्ह्याचं हे सर्वांत जुनं खातं. आणि ते पूर्ण नेत्याचं नाही, एका दाताचं आहे. योगायोग असा की हा तोच तुघलक. १३३० च्या सुमारास त्यानं चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली आणि हुकूम सोडला की ही चांदीची समजा. लोकांनी हुकूम इतका मनावर घेतला की घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी खरी-खोटी सगळी नाणी खजिन्यातून चांदी देऊन परत घ्यावी लागली आणि त्यांचे ढीग दिल्लीत कितीतरी काळ पडून होते. म्हणून आमचा टपरीवाला दहाचं नाणं उन्हात धरतो तेव्हा मी त्याला अडाणी म्हणत नाही. सरकारनं खरं म्हटलेलं नाणं एकदा पारखून घ्यावं, ही गोष्ट आमच्या मातीत दाताच्या मुळापर्यंत गेलेली आहे.

त्यानंतरही नाण्यांनी आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाचे. निजामाचा रुपया वेगळा, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदार द्या, सात हाली घ्या. त्यामुळे सीमेवरच्या गावात मुलीचं लग्न ठरवताना हुंडा कुठल्या रुपयात, यावर बैठका मोडल्याच्या कथा म्हातारी माणसं सांगायची. हाली सिक्क्यावर राजाचा चेहरा नव्हता, चारमिनार होता. त्याच्या मधल्या कमानीत एक बारीकसं अरबी अक्षर, 'ऐन', म्हणजे उस्मान अली खानांच्या नावाचं पहिलं अक्षर. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना व्हायची, त्यानं नाण्यावर जागा घेतली ती दारात उभं राहण्यापुरती. आजच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेतला सव्विसावा फोटोसुद्धा याहून मोठा असतो.

आणि फ्लेक्स निघालाच आहे तर सांगून टाकतो की बीड जिल्ह्याचं खरं स्मारक नाणं तेच. वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, काहीही असो, चौकाचौकांत ते पडतं, दोन दिवस चालतं आणि मग उतरवलं जातं. पण ते वाया जात नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बैलगाडीवर, कारखान्याच्या आवारातल्या कोपीवर हेच फ्लेक्स अंथरलेले दिसतात. थंडीच्या रात्री पावसाचे चार थेंब आले तर साहेब खरोखरच गोरगरिबांच्या डोक्यावर छत्र धरून असतात. आतमध्ये एखाद्या बाईच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ असेल. बंजारा तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर पावल्या, अधेल्या, राणीछाप रुपये अजूनही दिसतात. गुरुजी त्यांच्याकडे फार आदरानं बघतात, कारण पाच पिढ्यांचा संग्रह त्या अंगावर घालून ऊस तोडतात आणि त्यासाठी त्यांना आल्बम लागत नाही.

गुरुजींचा आल्बम मात्र अलीकडे भरत नाही. काकूंना याचं समाधान आहे. ("भाजीवालीला द्यायला सुट्टे नाहीत आणि ह्यांनी पटेलांना प्लॅस्टिकमध्ये कोंडलंय.") अडचण अशी की सरकारनं थोर माणसांची किंमत वाढवली. पूर्वी थोर माणूस रुपयात मावायचा. आता मावत नाही. आता बहुतेक वेळा जितकी वर्षं, तितके रुपये. बाबासाहेबांचं दहाचं निघालं त्याच वेळी सव्वाशे रुपयांचंही निघालं. रवींद्रनाथांचं दीडशेचं. वाजपेयींचं शंभराचं, २०१८ च्या डिसेंबरमधलं. आंध्रच्या एन. टी. रामाराव यांचं शंभराचं, २०२३ मधलं. या शंभराच्या नाण्यात पस्तीस ग्रॅम धातू, निम्मी चांदी, कडेला बरोबर दोनशे दाते. आणि हे शंभर रुपये विकत घ्यायला २०२३ मध्ये चार हजारांच्या वर रुपये मोजावे लागले. कायद्यानं ते नाणंच आहे, पण ते घेऊन तुम्ही दुकानात गेलात तर दुकानदाराच्या आधी तुमच्या घरचे तुम्हाला अडवतील.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया निघाला होता. साधा एक रुपया. तो चार वर्षांत हमालाच्या कमरेच्या पिशवीतून, देवळातल्या पेटीतून, शाळेच्या फीमधून, ओवाळणीच्या ताटातून, दारूच्या गुत्त्यातून सगळीकडे फिरून झिजला. गुरुजींकडे आहे तो इतका गुळगुळीत आहे की चष्मा दिसतो, डोळे दिसत नाहीत. २०१५ चं सव्वाशेचं नाणं त्यांनी फक्त चित्रात पाहिलं आहे. मखमली डबीत, आरशासारखं चकचकीत, त्याला माणसाचा हात लागलेला नाही. मला विचाराल तर सरकारनं थोर माणसांना बढती देता देता घरी बसवलं आहे. पूर्वी ते निदान टपरीवर जाऊन नकार तरी घ्यायचे.

अहिल्यादेवींचंच पाहा. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्या आष्टी-पाटोद्याला लागूनच, जामखेड तालुक्यात. परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनी केला, म्हणून आम्ही त्यांना माहेरच्याच मानतो. ३१ मे २०२५ ला, तीनशेव्या जयंतीला, भोपाळमध्ये त्यांचं तीनशे रुपयांचं नाणं निघालं. त्यांच्या स्वतःच्या काळात महेश्वरच्या टांकसाळीत जी नाणी पडली त्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान होतं, चेहरा नाही. राज्य आपलं, टांकसाळ आपली, ठसा पाडणारा आपल्या पगारावर, आणि तरी बाईंनी बेलाच्या पानावर भागवलं. परळीत ही गोष्ट सांगितली तर पटणं कठीण आहे.

नाणं नसलेल्यांची यादी गुरुजींनी वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे. पहिलं नाव स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे पुढारी, अंबाजोगाईच्या शाळेत त्यांनी काम केलं. दुसरं क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्यात प्रतिसरकार चालवणारा हा माणूस १९६७ साली कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर बीडचा खासदार म्हणून निवडून आला होता, हे आज बीडमध्ये सांगितलं तर लोक विचारतात, "आपल्या बीडचा? त्यांची जात कोणती?" गुरुजींनी या दोघांसाठी दोन कप्पे रिकामे सोडले आहेत. पाहुणे विचारतात की इथलं नाणं हरवलं का, तर ते म्हणतात, "अजून पडायचंय."

या रिकाम्या कप्प्यांखेरीज गुरुजींना दुसरा त्रास आहे, तो फोनचा. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट आणखी जास्तीला, असे व्हिडिओ गावोगाव फिरतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावून सांगितलं की आमच्या नावानं जुनी नाणी विकत घेणारे लोक भामटे आहेत, त्यांना फी किंवा कर म्हणून काही देऊ नका. तरी फोन येतात. असाच एक गुरुजींना आला. तिकडून गोड हिंदी. आपके पास माताजीवाला सिक्का है? बारह लाख मिलेंगे. बस, थोडा रजिस्ट्रेशन चार्ज.

गुरुजी खुर्चीत सावरून बसले. नाणी या विषयावर त्यांना आपण होऊन प्रश्न विचारणारा हा निवृत्तीनंतरचा पहिला माणूस होता. त्यांनी विचारलं, सालाखाली खूण कोणती पाहिजे? तिकडे शांतता. मग गुरुजींनी समजावून सांगितलं. चौकट असेल तर मुंबई, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मग त्यांनी निकेल घेतलं. मग चुंबक घेतला. मग टिळक घेतले. काकूंनी मध्ये दोनदा जेवायला वाढू का म्हणून विचारलं. भामट्यानं तिसऱ्यांदा "सर, चार्ज..." म्हटलं, तेव्हा गुरुजी त्याच्यावर ओरडले, "मध्ये बोलू नको, आधी ऐक." चाळीस वर्षं चौथी-ब सांभाळलेला आवाज होता तो. तिकडचा माणूस "जी" म्हणाला आणि तुघलकाच्या दातापर्यंत ऐकत राहिला.

मग फोन कट झाला. गुरुजींनी तो लगेच परत लावला, कारण हैदराबादच्या टांकसाळीचा तारा सांगायचा राहून गेला होता. नंबर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा फोन मागून त्यावरून लावून पाहिला.